नऊ वर्षांचा मुलगा, वजन 42 किलो: डाएट करायचं का?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगा नऊ वर्षांचा, उंची 134 सेंटीमीटर, वजन 42 किलो. जन्मला तेव्हा 2 किलो 300 ग्रॅमचा होता. बहीण मात्र बारीक. वडील मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. आई काजूच्या कारखान्यात, सकाळी साडेसातला घर सोडते. मुलगा दिवसभर शाळा आणि मग आजीकडे. शाळेत मुलं ‘ढोल्या’ म्हणतात म्हणून हल्ली शाळेत जाताना रडतो. मानेवर काळा पट्टा आलाय, आजी आंघोळीला काथ्याने घासतात पण जात नाही. शेजारणीने भात बंद करायला सांगितलं, कुणी थायरॉईड तपासायला सांगितलं. आजी म्हणतात, “माझ्या नातवाक नजर लावू नकात, वयात इलो काय आपसूक बारीक होतलो.” आई विचारते, याला डाएटवर ठेवू का?

ताई, डाएटवर ठेवू नका. पण आजी म्हणतात तसं सोडूनही देऊ नका. सिंधुदुर्गात मी 26 वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते आणि तुमच्या पत्रातलं घर मला नवं नाही. म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी आकडे. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. 42 भागिले 1.34, पुन्हा भागिले 1.34, उत्तर 23.4. मोठ्या माणसाला हा आकडा जेमतेम जास्त. नऊ वर्षांच्या मुलाला तो लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर जातो, कारण मुलांचा हा आकडा वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी याप्रमाणे वाचावा लागतो. त्यासाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 2015 चे तक्ते आहेत, 5 ते 18 वर्षांच्या आपल्याच देशातल्या मुलांसाठी केलेले. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की त्या तक्त्यावर ठिपका मारून मागा. तो कागद फाईलला लावून ठेवा, दर तीन महिन्यांनी त्यावर नवा ठिपका पडू दे.

घरी करायची तपासणी याहून सोपी आहे. सुतळी घ्या, मुलाला भिंतीला टेकवून उभा करा, टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी मोजून कापा. ती दुहेरी करा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळा. टोकं एकमेकांना भेटली पाहिजेत. तुमच्या मुलाची दुहेरी सुतळी 67 सेंटीमीटर भरेल. टोकं भेटत नसतील तर चरबी पोटावर साचते आहे, आणि नुसत्या वजनापेक्षा मला त्याची काळजी जास्त. ही सुतळी टाकू नका, लागणार आहे.

मानेवरचा पट्टा म्हणजे मळ नाही. काथ्याने घासणं आजच थांबवा, कातडी सोलवटेल आणि पोर उगाच रडेल. वजन वाढलेल्या मुलाच्या मानेच्या मागे, काखेत अशी मखमलीसारखी जाडसर काळी कातडी दिसली, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला शरीराला जास्त इन्सुलिन सोडावं लागतंय. याचा अर्थ मधुमेह झाला असा नाही, पण त्या वाटेची पाटी दिसली आहे. वजन ताळ्यावर आलं की हा पट्टा हळूहळू पुसट होतो. महिन्यांत होतो, आठवड्यांत नाही.

थायरॉईडबद्दल मला आठवड्यातून चार जण तरी विचारतात. ओळखायची साधी खूण उंचीत आहे. थायरॉईड किंवा दुसऱ्या ग्रंथीच्या बिघाडाने वजन वाढलं, तर मुलाची उंची रखडते. वर्गात पूर्वी मागे उभा राहणारा पुढे येतो, दोन वर्षांपूर्वीचा गणवेश लांबीला अजून बसतो. तुमचा मुलगा वयाच्या मानाने चांगला उंच आहे. जास्त खाण्याने आणि कमी हलण्याने वजन वाढलेली मुलं सहसा अशीच, या वयात उंचही असतात. डॉक्टरांना वाटलं तर तपासणी करतील, पण खरं कारण तपासणीच्या कागदावर सापडेल या आशेवर राहू नका. एक मात्र विचारते: दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी कुणी दिलेल्या गोळ्या वा पुड्या तो बरेच दिवस घेतोय का? त्यात स्टेरॉईड असेल तर वजन वाढतं. घेत असेल तर मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

आता त्या 2 किलो 300 ग्रॅमबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला आहे. त्यात दिसलं की आपली बाळं जन्मताना इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी 2.7 किलो, त्यांची साडेतीन. पण वजन कमी असलं तरी कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नसते. कमी पडतो तो स्नायू. अशा बाळाला पुढे भराभर वजन चढलं की मधुमेहाचा धोका वाढतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसतं. बारकं बाळ, सगळ्यांच्या पोटात गोळा, मग जे खाईल ते भरवत राहिले. यात कुणाचा दोष नाही. आजींची भीती खरी होती. त्यांच्या लहानपणी मुंबईची मनिऑर्डर उशिरा आली की पावसाळ्यात पेजेवर दिवस काढलेली घरं होती, आणि अंगाने भरलेलं पोर म्हणजे जगलेलं पोर. आजही देशात पाच वर्षांखालच्या मुलांत कमी वजनाची मुलंच कितीतरी जास्त: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 32.1 टक्के. त्याच पाहणीत जादा वजनाची 3.4 टक्के, पण आधीच्या पाहणीत ती 2.1 होती. म्हणून आजींशी बोलताना “तुम्ही बिघडवलंत” हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. “तुम्ही वाढवलंत, आता पुढचं तुमच्याशिवाय होणार नाही,” हे म्हणा, कारण ते खरंच आहे. दिवसाचे मोलाचे तास त्यांच्या हातात आहेत.

डाएट नको म्हणते त्याचं कारण सांगते. नऊ वर्षांचं मूल वाढतंय. त्याचं वजन उतरवायची घाई नाही, चढायचं थांबलं तरी पुरे. या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. वजन 42 वरच राहिलं तर पुढच्या वर्षी 140 सेंटीमीटरला तोच 23.4 चा आकडा 21.4 होतो. त्याच्या पुढच्या वर्षी 146 ला 19.7, आणि अकरा वर्षांच्या मुलाला 19.7 म्हणजे निरोगी पट्ट्याचा उंबरठा. एक किलोही न उतरवता. आईबापांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवते तेव्हा त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. उपाशी ठेवलेलं मूल मात्र चोरून खायला शिकतं, आणि स्नायू, हाडं, अभ्यास, सगळ्याची ओढाताण होते. वजन घटवायच्या पावडरी आणि चहा तर घरात आणूच नका.

मग करायचं काय? तुमच्या पत्रात मला एक वेळ दिसते, संध्याकाळी पाच ते आठ.

असंच एक घर सांगते. आजी आणि नातू आले होते. मी विचारलं, जेवणाशिवाय काय खातो? “काय नाय ओ, जेवता तेवढाच.” मी म्हटलं, चार दिवस घरात जी जी पुडी फुटेल तिचा कागद पिशवीत टाका आणि ती पिशवी घेऊन या. आजी प्रामाणिक, पिशवी घेऊन आल्या. टेबलावर उलटी केली तर ग्लुकोज बिस्किटांचे पाच पुडे, वेफर्सची सात पाकिटं, दोन क्रीमची बिस्किटं, एका केकचा कागद, फ्रूटीसारख्या पेयाचे तीन डबे, आणि खारी-बटरची एक रिकामी पिशवी जिच्यात अजून चुरा होता. आजी त्या ढिगाकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “ह्या सगळा एकट्यान?” मी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. तुम्हीही ही पिशवी चार दिवस ठेवून बघा, पण मुलाला ओरडण्यासाठी नव्हे. घरात काय येतं ते मोठ्यांना कळावं म्हणून.

मूल साडेदहाला शाळेत जातं, दुपारी शाळेतली खिचडी खातं, पाचला घरी येतं ते खरोखर भुकेलेलं असतं. तिथे चहा-बटर आणि पुडा दिला की पोट भरल्यासारखं वाटतं, तासाभरात पुन्हा रिकामं. मग वेफर्स, मग मोबाईल, मग आणखी काहीतरी, आणि नऊला जेवायला बसतं तेव्हा भाताचा डोंगर आणि त्यावर सार. म्हणून पाच वाजता त्याला जेवणच द्या, छोटं. दोन घावणे आणि चटणी. सकाळच्या काळ्या वाटाण्याच्या उसळीची वाटी आणि एक आंबोळी. उकडलेलं अंडं नि केळं. दही-पोहे. उकडलेली रताळी, भुईमुगाच्या शेंगा. आजींना हे सगळं डोळे मिटून येतं, कुणी मागत नव्हतं म्हणून चूल थंड होती. खाऊन झालं की बाहेर. तिन्हीसांजेपर्यंत घरात नाही. आठला जेवण, सगळ्यांनी मिळून, मोबाईल दुसऱ्या खोलीत. दोन जेवणांमधल्या वेळात भूक लागली तर फळ आणि पाणी, बाकी डबे घरात नसतातच. लपवून ठेवलेला डबा मूल शोधतं, आणि सापडला की त्याला आपण चोर ठरवतो. आणायचाच नाही, हे सोपं.

सकाळचंही बघा. तुम्ही साडेसातला निघता, तेव्हा चहा आणि चार बिस्किटांवर त्याची न्याहारी उरकत असणार. उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर कुळथाची पिठी किंवा रात्रीची उसळ, हे रात्रीच्या तयारीवर होतं. नऊ वर्षांच्या मुलाला चहाची गरज नाही. साखर घातलेली ‘ताकदीची’ पावडर दुधात घालायचीही नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्यांना असल्या पावडरी-पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून दाखवू नका असं सांगितलं, ते उगाच नव्हे. नुसतं दूध द्या, नाहीतर नाचणीचं सत्त्व गूळ बेताचा घालून.

भात बंद करायला सांगणाऱ्या शेजारणीला नमस्कार सांगा आणि भात चालू ठेवा. किनारपट्टीवर भात बंद केलेलं घर तीन दिवस टिकतं, चौथ्या दिवशी मूल दुप्पट भात खातं. बदलायचं ते ताटातलं माप. आपल्याकडे ताटाचा बारा आणे भाग भात असतो, कडेला मासळीचा तुकडा आणि भाजी नावाला. ते उलटवा: निम्मं ताट भाजी, उसळ, कोशिंबीर, पाव भाग बांगडा, तारली, अंडं किंवा डाळ, उरलेल्या पावात भात किंवा तांदळाची भाकरी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला परड्यात फुकट उगवतो. तारली आणि बांगडा हे स्वस्त मासे, आणि त्यातलं तेल मुलांच्या चांगल्या उपयोगाचं. रवा लावून तळलेला तुकडा आठवड्यातून एकदा, बाकी दिवस कालवण किंवा तिखलं. वाटपातल्या नारळाला लोक घाबरतात, मी घाबरत नाही. पाच माणसांच्या आमटीत अर्धी वाटी खोबरं पडलं म्हणून कुणाचं मूल 42 किलोचं झालेलं मी पाहिलं नाही.

पहिली वाढणी झाली की दुसरीसाठी दहा मिनिटं गप्पा मारा, मग हवी असेल तर द्या. आणि “ताट चाटून पुसून साफ कर”, “आजीचा एक घास”, हे आता पुरे. पानात काय वाढायचं आणि किती वाजता, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे त्याच्या पोटावर सोपवा. भरवून भरवून पोट भरल्याची त्याची खूण आपणच बुजवली आहे, ती परत यायला थोडे महिने लागतात.

पिण्याच्या साखरेवर जरा कडक राहा. मुलांना दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत हवी. कोल्ड्रिंकच्या 250 मिलिलिटरच्या एकाच बाटलीत सुमारे 26 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर. पाकिटावर मागे बारीक अक्षरात साखरेचे ग्रॅम असतात, त्यांना पाचाने भागा, चमचे कळतात. हे काम मुलालाच द्या, नऊ वर्षांचा आहे, भागाकार येतो. आणि आपल्या माणसांना एक खास सांगते: अमृत कोकम हे घरचं असलं तरी साखरेचा पाक आहे. कोकमाचं आगळ, पाणी, मीठ, जिरं घालून द्या. सोलकढी द्या. मे महिन्यात हापूस जरूर खाऊ दे, कापून, जेवणाबरोबर, एक. वाटीवर वाटी आमरस आणि त्यात आणखी साखर, हे नको.

खेळ. रोज एक तास अंग घामेजेल इतकी हालचाल हवी, 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच माप आहे. तो एक तास सलग नसला तरी चालतो. पूर्वी पाखाडी उतरून, सडा ओलांडून शाळेत जाण्यातच तो होऊन जायचा. आता सहा आसनी रिक्षा दारात येते. शाळा दीड-दोन किलोमीटरच्या आत आणि रस्ता सुरक्षित असेल तर निदान येताना दोन-चार मुलांबरोबर चालत येऊ दे. क्रिकेटमध्ये अशा मुलाला सीमारेषेवर उभं करतात, तिथे तो तासभर उभाच राहतो. त्यापेक्षा लगोरी, आट्यापाट्या, सायकल बरी. जड मुलाला धावायला लावून हिणवू नका. त्याच्या पायांत इतरांपेक्षा जास्त जोर असतो, ढकलायचे, ओढायचे, पोहायचे खेळ त्याला जमतात आणि जमलं की आवडतात. पोहणं मोठं माणूस सोबत असतानाच, आणि पावसाळ्यात व्हाळात किंवा समुद्रात अजिबात नाही.

जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे चार महिने हीच खरी अडचण. बाहेर मुसळधार, पोर ओटीवर मोबाईल घेऊन. माझ्याकडच्या नोंदींत कितीतरी मुलांचं वजन याच दिवसांत उडी मारतं. पण याच दिवसांत वाडीवाडीत गणपतीची तयारी चालते. रत्नागिरीकडे जाखडीचा सराव, आपल्याकडे फुगड्या, भजनाबरोबर झांजा. एक तास जाखडी नाचलेलं मूल बघा, सदरा पिळता येतो. फुगडी मुलींचीच असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, पडवीत आजी-नातवाने पाच फुगड्या घातल्या तर दोघांचं भलं, आजींचे गुडघे बरे असतील तर. पायऱ्यांवर चढ-उतार, दोरीउड्या, विहिरीवरून घरात दोन कळश्या आणणं, केर काढणं हेही धरा. मोबाईल शाळेखेरीज दिवसाला दोन तासांच्या आत, आणि झोपण्याआधी तासभर नाही. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते. कमी झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि ती गोडाधोडाचीच लागते. घरात सगळे मालिका संपेपर्यंत जागे असतील तर तो एकटा कसा झोपेल?

‘ढोल्या’बद्दल लिहायला मला जड जातं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत बारा वर्षांची एक मुलगी आली होती. मी तिच्या आईसमोर, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अगं, किती वाढवलंयस!” मला वाटलं, लाज वाटून सुधारेल. ती खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. परत आली ती दोन वर्षांनी, अकरा किलो वाढवून, आणि मधल्या काळात रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात अंधारात खायला शिकून. त्या दिवसापासून माझा वजनकाटा पडद्यामागे आहे आणि आकडा मी मोठ्याने वाचत नाही. तुम्ही घरात हा शब्द कुणालाही, लाडानेसुद्धा, वापरू देऊ नका. बहिणीशी तुलना नको. खाऊ हे बक्षीस नको, उपास ही शिक्षा नको. वर्गशिक्षकांना एकट्याने भेटा, मुलाला बरोबर न नेता, आणि सांगा की तो या नावामुळे शाळा टाळतोय. बहुतेक शिक्षकांना हे ठाऊकच नसतं. आणि नवं जे काही घरात सुरू होईल ते सगळ्यांसाठी, बारीक बहिणीलाही तेच ताट, तुम्हालाही. एकट्याला वेगळं वाढलं की तो आजारी ठरतो.

एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, मानेवरच्या पट्ट्यासाठी. ते रक्तदाब घेतील, लहान मुलांच्या मापाचा पट्टा लावून, आणि उपाशीपोटीची साखर, चरबी, यकृताची तपासणी सांगतील. यातलं काही आढळलं तर मात्र थांबू नका: रात्री मोठ्याने घोरतो आणि मधेच श्वास अडकतो, फार तहान लागते आणि सारखी लघवीला जातो, डोकं दुखून अंधुक दिसतं. मांडीत, गुडघ्यात दुखून लंगडायला लागला तर त्याच दिवशी जा, वजनदार मुलांत कधी कधी खुब्याचं हाड सरकतं आणि ते दुखणं गुडघ्यात जाणवतं.

वडिलांना आजच फोन करा. गणपतीला येताना त्यांच्या बॅगेत चॉकलेटचे डबे असतात, ती त्यांची वर्षभराची माया असते, ती अडवू नका. फक्त या वर्षी बॅडमिंटनच्या रॅकेटी नाहीतर दोरी आणायला सांगा आणि आल्यावर रोज संध्याकाळी त्याच्याशी खेळायला. उकडीचे मोदक त्याने सगळ्यांबरोबर खावेत, दोन, पानात वाढलेले. सणाच्या पाच दिवसांत काही बिघडत नाही, नंतर महिनाभर पुरणारा फराळ आणि वेफर्सच्या पिशव्या पाहुण्यांबरोबर परत पाठवा.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. पहिल्या महिन्यात किलोभर वाढलं तरी घाबरू नका, तीन महिन्यांचं बघा. सगळं एकदम सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त पाच वाजताचं खाणं आणि पुडे बंद. मग खेळ. मग ताट. आणि तीन महिन्यांनी नव्याने उंची मोजून नवी सुतळी कापा, दुहेरी करून बेंबीवर लावा, जुनीच्या शेजारी ठेवा. टोकांमधलं अंतर किती बोटं राहिलं ते मला कळवा. मोजायला आजींना सांगा.